आजोबांची यादी आणि नातवाचा ढोल

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास येते. घरात खाली मान घालून जेवणारा मुलगा मैदानावर आईबहिणीवरून शिव्या देतो, शर्ट काढून नाचतो, घसा बसवून मध्यरात्री परततो. कोणीतरी काढलेला व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतो आणि घरात भडका उडतो. माझ्यासमोर बसल्यावर मग प्रश्न येतो, ‘त्याला मॅचला पाठवणं बंद करू का?’

या प्रश्नाचं उत्तर मी एका घराची हकीकत सांगून देते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. आजोबा बहात्तर वर्षांचे, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. वडील नोकरदार, बाप आणि मुलगा यांच्या मध्ये सापडलेले. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. एफसी गोवाची केशरी जर्सी घालून मित्रांबरोबर बोरीचा पूल ओलांडून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जाणारा आणि गावच्या संघाचा सामना असला की ढोल घेऊन शेजारच्या गावांतही पोचणारा. नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचलेला त्याचा व्हिडिओ अशाच एका गावच्या स्पर्धेतला होता.

पहिल्या भेटीला आजोबा एक कागद घेऊन आले. वहीचं रेघांचं पान, वर तारीख, खाली वळणदार अक्षरात नऊ मुद्दे. मला वाचून दाखवायची त्यांची तयारी होती, पण मी पान हातात घेतलं. ढोल बडवणे, पंचांना शिव्या देणे, अंगविक्षेप करणे, मोठ्यांसमोर बिअरच्या बाटल्या घेऊन फिरणे, दुचाकीवर तिघे बसणे, शर्ट काढून फिरवणे. सातवा मुद्दा, ‘समोरच्या संघातील आफ्रिकन खेळाडूला पाहून माकडासारखे आवाज काढणे.’ आठवा, जेवायला उशिरा येणे. नववा, विचारल्यास उलट उत्तर देणे.

नऊही मुद्दे एकाच शाईत, एकाच आकाराच्या अक्षरात. सातव्याखाली रेघ नव्हती.

‘आमच्या वेळी लोक खेळ बघायला जायचे,’ आजोबा म्हणाले, ‘आता स्वतःला दाखवायला जातात.’ हे म्हणणाऱ्या माणसाचं फुटबॉलवर प्रेम किती आहे ते पुढच्या पंधरा मिनिटांत कळलं. १९८३-८४ च्या संतोष ट्रॉफीबद्दल, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेबद्दल, ते सांगू लागले तेव्हा गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव घेताना त्यांचा आवाज चढला. १९८९-९० ची संतोष ट्रॉफी गोव्याने फातोर्ड्याच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर, घरच्या लोकांसमोर जिंकली, तेव्हा ते मुलाला, म्हणजे या मुलाच्या वडिलांना, खांद्यावर घेऊन तिथे उभे होते. आणि त्यांच्या मनात एक भीतीही घर करून होती. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसं गेली. ती बातमी त्यांनी शाळेच्या फळ्यावर लिहिली होती. ‘खेळ बघायला गेलेली पोरं ती, मॅडम. आयांनी जेवण झाकून ठेवलं असेल.’

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. मुलांना वाटतं, म्हाताऱ्यांना आवाज सहन होत नाही म्हणून ते बोलतात. पुष्कळदा त्या बोलण्याच्या खाली अशी एखादी जुनी धास्ती असते, आणि ती कधी नातवापर्यंत पोचलेलीच नसते. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त मुद्दे.

मुलगा त्या दिवशी काहीच बोलला नाही. दुसऱ्या भेटीला मी त्याला एकट्याला बोलावलं, समोर आजोबांचं पान ठेवलं आणि म्हटलं, तुला ज्याबद्दल भांडायचं आहे त्यावर भांड.

तो भांडला, आणि चांगला भांडला. ‘ढोल? शिगम्याच्या मिरवणुकीत, रोमटामेळात ढोल कसा वाजवायचा ते आजोबांनीच शिकवलं मला. तेव्हा ओस्सय ओस्सय करत अख्खा गाव ओरडतो, ते चालतं?’ पंचांना शिव्या? ‘सगळेच देतात. आणि सुनील छेत्रीनेच सांगितलं होतं ना, शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये या.’ ते खरं होतं. जून २०१८ मध्ये भारताच्या एका सामन्याला मुंबईत जेमतेम अडीच हजार लोक आले, तेव्हा संघाचा त्या वेळचा कर्णधार छेत्रीने व्हिडिओतून विनवणी केली होती: आमच्यावर टीका करा, शिव्या घाला, पण मैदानात येऊन घाला. पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. हा मुलगा तेव्हा खूप लहान होता, पण तो व्हिडिओ त्याने नंतर कितीदा तरी पाहिला होता.

दुचाकीच्या मुद्द्यावर त्याने थोडी माघार घेतली. शर्टाच्या मुद्द्यावर हसला. सातव्यावर आला आणि थांबला. खुर्चीच्या हातावरची एक सुटलेली शिवण होती, ती तो नखाने उसवत बसला. मीही गप्प राहिले. आमच्या कामात अशी शांतता घाईने भरून काढायची नसते.

बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘सुरुवात मी केली नव्हती.’

मग हळूहळू सगळं आलं. तो पाहुणा खेळाडू उजव्या बगलेने सारखा पुढे येत होता. मागून कोणीतरी तो आवाज काढला, दोघे-तिघे हसले, मग दहा जणांनी काढला. याच्या हातात ढोल होता. त्याने त्या आवाजाला ताल दिला. ‘मी तोंडाने नाही काढला,’ हे तो दोनदा म्हणाला. थ्रो-इनसाठी तो खेळाडू अगदी कुंपणाजवळ आला, चेंडू उचलला आणि मान वर करून ढोलाकडे पाहिलं. ‘रागावला नव्हता. नुसता बघत होता, मॅडम. जसं काय माझा चेहरा लक्षात ठेवत होता.’

या मुलाच्या खोलीत ब्राझीलचा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनिअर याचं पोस्टर आहे. २१ मे २०२३ रोजी व्हॅलेन्सियाच्या मैदानावर व्हिनिसियसला वर्णावरून तसेच टोमणे मारले गेले, तेव्हा याने रात्रभर जागून फोनवर लोकांशी वाद घातला होता. त्या प्रकरणात पुढच्या वर्षी स्पेनच्या न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांची शिक्षा सुनावली, हेही त्यानेच मला सांगितलं. म्हणजे ते कृत्य काय आहे हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी हातातल्या काठ्या चालू राहिल्या.

असं का होतं, हे पालकांनी समजून घ्यायला हवं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे रेटायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. तेरा ते सोळा वर्षांची मुलं, अठरा ते बावीसची तरुण मंडळी आणि चोविसाच्या पुढचे मोठे असे तीन गट. प्रत्येक गटातले काही जण एकटे खेळले, काही मित्रांच्या देखत. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती, तरुणही पत्करत होते. मोठ्यांच्या खेळात फारसा फरक पडला नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो आणि मित्रांच्या नजरेचं बक्षीस मात्र तेराव्या वर्षापासून गोड लागतं. तुमचा मुलगा घरी एक आणि मैदानावर दुसरा वागतो तेव्हा तो ढोंगी नसतो. दोन्ही तोच असतो.

मैदानावर त्याला मिळणारी गोष्ट खरीच मौल्यवान आहे, हेही मी पालकांना सांगते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल दाखवलं होतं की आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की ते ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि हरला की ‘ते हरले’. आपल्याकडे ‘आमी जिखले’ म्हणत गाड्यांचे हॉर्न वाजवत येणारी पोरं पाहिली की मला तेच आठवतं. बारावीच्या वर्षात, जिथे प्रत्येक गोष्ट एकट्याने सिद्ध करायची असते, तिथे आठवड्यातले दोन तास तो ‘आम्ही’ असतो. ते दोन तास काढून घेण्याआधी, त्यांच्या बदल्यात आपण काय देणार आहोत, याचा विचार करा. म्हणून ‘बंद करू का’ या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं.

पण याच घरात अडचण आणखी खोल होती. त्या रात्री मुलगा घरी आला तेव्हा त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं. त्या खेळाडूची नजर त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आणि दारातच ओरडा पडला तो उशिरा येण्यावरून, ढोलावरून, शर्टावरून. तोही तावातावाने भांडला, कारण ढोलाच्या बाबतीत आपण बरोबर आहोत हे त्याला ठाऊक होतं. भांडणात तो जिंकला. सातवा मुद्दा नवांच्या ढिगात गाडला गेला आणि त्याला लपायला जागा मिळाली. आपण मोठी माणसं सगळ्याला एकच नाव देतो, ‘मस्ती’, ‘वाह्यातपणा’. मग मुलगाही सगळ्याचा एकदम बचाव करतो.

छेत्रीच्या मुद्द्यावर मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, छेत्रीने स्वतःच्या खेळाबद्दल, स्वतःच्या लोकांना बोलावलं. आमच्यावर ओरडा, म्हणाला. तुमच्या गावात खेळायला आलेल्या त्या माणसाने कोणाला काय परवानगी दिली होती? त्याने मान हलवली. वाद घातला नाही.

आजोबांना मी तिसऱ्या वेळी वेगळं भेटले. मुलगा काय बोलला ते सांगितलं नाही. ते त्याचं होतं. मी फक्त विचारलं, तुमच्या तरुणपणी गावच्या सामन्यांत कोणाला काय ओरडायचे? आधी म्हणाले, काही नाही, टाळ्या, शिट्ट्या. मग भात कापून झाल्यावर शेतात आखलेलं मैदान, बांबूचे गोल, दोरीचं कुंपण असं वर्णन रंगलं. आणि मग त्यांच्याही हाताची चुळबुळ सुरू झाली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

एकवीस वर्षांचे असताना अशाच एका शेतातल्या सामन्यात समोरच्या गावचा गोलरक्षक फार उत्तम खेळत होता. गोल होईना. तेव्हा गोलाच्या मागे उभं राहून या सात-आठ तरुणांनी त्याला त्याच्या जातीवरून ओरडायला सुरुवात केली. शब्द त्यांनी मला सांगितले. मी इथे लिहीत नाही. ‘मी शिक्षक व्हायचं शिक्षण घेत होतो त्या वेळी,’ ते म्हणाले. पुढे काही वर्षांनी तोच माणूस मुलाला शाळेत घालायला आला. दोघांनी एकमेकांना ओळखलं. आजोबांनी फॉर्म भरून घेतला, त्याने सही केली. त्याचा मुलगा चार वर्षं त्यांच्या वर्गात होता. दोघांपैकी कोणीही त्या सामन्याचा विषय काढला नाही. तो माणूस आता हयात नाही.

‘घरी कोणाला सांगितलंय?’ मी विचारलं.

‘पन्नास वर्षांत तुम्हीच पहिल्या.’

मी गप्प राहिले. काही वेळाने मी ते पान त्यांच्या पुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं आणि सातव्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा मुद्दा मी सातवा का लिहिला असेन?’ याचं उत्तर आमच्यापैकी कोणी दिलं नाही.

चौथ्या भेटीला तिघेही आले. आजोबांनी नातवाला ती हकीकत स्वतः सांगितली, शिक्षकाच्या आवाजात नव्हे, अडखळत. वडील ती पहिल्यांदाच ऐकत होते; ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मुलगा म्हणाला, ‘मग तुम्ही त्याला सॉरी का नाही म्हटलं? चार वर्षं होती तुमच्याकडे.’ प्रश्न कठोर होता आणि मी मध्ये पडले नाही. आजोबा म्हणाले, ‘धीर झाला नाही रे.’ त्यानंतर मुलाने आपल्या ढोलाची गोष्ट सांगितली.

मग आम्ही यादी पुन्हा हाती घेतली. ज्याने कोणाला इजा किंवा अपमान होत नाही ते खोडा, असं मी आजोबांना सांगितलं. ढोल त्यांनी खोडला. उशिरा येणं खोडलं, पण शेजारी ‘फोन करावा’ असं लिहिलं. शर्ट खोडायला तयार झाले नाहीत. ‘ते मला आवडत नाही, बस,’ म्हणाले. मी म्हटलं, न आवडणं हे पुरेसं कारण आहे, फक्त ते पाप म्हणून सांगू नका. पंचांच्या शिव्यांवर त्या दोघांची चांगली हुज्जत झाली आणि निकाल लागला नाही.

एका मुद्द्यावर मात्र मीच कडक झाले. बिअर आणि दुचाकी. गोव्यात दारूसाठी कायद्याने वय एकवीस आहे, आणि हा मुलगा अठराचाही नाही. फातोर्ड्याहून रात्री परत येताना तिघे एका स्कूटरवर, त्यात चालवणारा प्यायलेला, हे माझ्या लेखी वागणुकीच्या चर्चेत बसतच नाही. तिथे समजूत घालत बसायचं नाही, सोय करायची. वडिलांनी कबूल केलं की रात्रीच्या सामन्यांना ते गाडी घेऊन जातील, चौघांना बसवतील आणि आत आपल्या जागी वेगळे बसतील. अनेक पालकांना मी हेच सांगते. वर्षातून एक-दोन सामने तरी बघायला जा, मुलाच्या शेजारी बसू नका, पण त्याच स्टेडियममध्ये असा. आणि मॅचच्या रात्री काही विचारू नका. अंगात तेव्हा सामना चालूच असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवताना, मॅच कशी झाली ते सांग म्हणा, ऑफसाइड होता का ते विचारा. तो रंगात येऊन सांगत असताना सहज एक प्रश्न विचारता येतो: तुम्ही जे ओरडलात ते मैदानात कोणाला ऐकू गेलं? शिवी किती घाण होती, यावर मुलं तासभर वाद घालतात. ऐकणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला की त्यांची वाद घालायची पद्धत बदलते.

मुलाला त्या खेळाडूची माफी मागायची होती. तो स्पर्धेपुरता आला होता आणि निघून गेला होता. त्या गावच्या संघातल्या एका मुलाकरवी नंबर मिळाला. त्याने तोडक्यामोडक्या इंग्रजीत आवाजाचा संदेश पाठवला, पाठवण्याआधी मला ऐकवला. मी त्यातलं एकच वाक्य काढायला सांगितलं, ‘सगळेच करत होते.’ संदेश ऐकला गेला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आठवड्याने मुलगा विचारत आला, आता काय करू? मी म्हटलं, काही नाही. उत्तर द्यायचं त्याच्यावर बंधन नाही. हे त्याला जड गेलं. त्यानंतरच्या दोन भेटी आम्ही त्याच्यावरच बोललो.

फेब्रुवारीत गावच्या संघाचा पुन्हा सामना होता. समोरच्या बाजूला पुन्हा एक बाहेरून आलेला सावळा खेळाडू. उत्तरार्धात मागच्या रांगेतून तो आवाज आला. ‘मी काही बोललो नाही, मॅडम,’ त्याने मला सांगितलं. ‘बोलायला नाही जमलं. काठ्या खाली ठेवल्या.’ ढोल थांबला तसं सगळे वळून बघायला लागले आणि ते दोन-तीन आवाज उघडे पडले. कोणीतरी ओरडलं, वाजव रे. त्याने वाजवला नाही. तो आवाज विरल्यावर काठ्या उचलल्या. गावचा संघ तो सामना हरला.

त्याच्या दोन मित्रांनी अजून त्याच्याशी बोलणं धरलेलं नाही. एकाने तर त्याला ग्रुपमधून काढलं. वडिलांच्या गाडीत आता दोघांची जागा रिकामी असते. मागच्या वेळी तिथे आजोबा बसून गेले. ढोल मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, कारण डिकीत मावत नव्हता.